एका तुळईवरची दोन घड्याळे : युग्मित स्वयंउत्तेजित दोलकांचे अरेषीय वर्तन आणि स्थैर्य

अनुस्पंदन, म्हणजे ज्याला आपण वर्गात रेझोनन्स म्हणतो, ते शिकवताना अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पुलाचे उदाहरण देण्याची पद्धत आहे. प्रस्तुत लेखकानेही ते अनेक वर्षे दिले. १ जुलै १९४० रोजी वाहतुकीस खुला झालेला हा झुलता पूल त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटून कोसळला. वाऱ्याची वारंवारता पुलाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली, दोलने वाढत गेली आणि पूल तुटला, असे सांगून आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. एके वर्षी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, वारा तर एकसारखा वाहत होता. मग त्याला वारंवारता कुठली?" त्या तासाला मला नीट उत्तर देता आले नाही. भोवऱ्यांविषयी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

प्रश्न मात्र अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. त्या सकाळी वाऱ्याचा वेग ताशी ४२ मैल, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटर होता. एवढ्या वाऱ्यात पुलाच्या आठ फूट उंच तुळयांमागे जे भोवरे सुटतात त्यांची वारंवारता सेकंदाला सुमारे एक येते. पूल मात्र अखेरच्या तासात मिनिटाला बारा-चौदा वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.२ या वारंवारतेने पिळवटत होता. दोन आकड्यांत पाचपटीचे अंतर आहे. मग जुळले काय? के. यूसुफ बिल्लाह आणि रॉबर्ट स्कॅनलन यांनी १९९१ साली अध्यापकांसाठीच्या एका अमेरिकन भौतिकशास्त्रीय नियतकालिकात हाच आक्षेप सविस्तर मांडला आणि पदवीच्या पाठ्यपुस्तकांतील स्पष्टीकरण चुकीचे असल्याचे दाखवले. पूल बाहेरून आलेल्या तालावर नाचत नव्हता. ताल त्याचा स्वतःचा होता. वाऱ्याने केवळ ऊर्जा पुरवली. अशा दोलनास स्वयंउत्तेजित दोलन म्हणतात. हा विषय आपल्या अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीच. असे दोन किंवा अधिक दोलक एकमेकांशी जोडले गेले की काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

स्थिर पुरवठा, डोलणारा परिणाम

प्रेरित दोलनात बाहेरचे बल स्वतःच आवर्ती असते. दोलक थांबवून धरला तरी ते बल चालूच राहते. स्वयंउत्तेजित दोलनात तसे नसते. तेथे दोलक धरून ठेवला की त्याला दोलवणारे बलही नाहीसे होते, कारण ते बल दोलकाच्या हालचालीतूनच जन्म घेत असते. एखाद्या यंत्रातील कंप कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यास ही कसोटी पुरते.

उदाहरणे आपल्या हाताशीच आहेत. फळ्यावर खडू विशिष्ट कोनात धरला की जो किरकिराट होतो, तो याच प्रकारचा. आपला हात एकसारख्या वेगाने सरकत असतो, तरीही खडू सेकंदाला शेकडो वेळा कंप पावतो. खडू मोडून आखूड केला की आवाज बदलतो किंवा थांबतो. सारंगीचा गज, बासरीतील हवा, न वंगणलेली दाराची बिजागरी, ब्रेक लावताना किंचाळणारे चाक ही सारी याच कुळातील. बेळगावच्या उद्यमबागेत कोणत्याही यंत्रशाळेत लेथवर काम करणाऱ्या कारागिराला चॅटर म्हणजे काय ते विचारा. टूल कंप पावले की जॉबवर लाटा उमटतात. पुढच्या फेऱ्यात टूलला त्या लाटांमुळे कधी जाड तर कधी पातळ थर कापावा लागतो, आणि त्यामुळे कंप आणखी वाढतो. मोटर एकसारखी फिरत असते. कारागीर जॉबचा वेग थोडा बदलतो आणि पुष्कळदा चॅटर थांबतो. त्याने समीकरण सोडवलेले नसते, पण स्थैर्याची सीमा त्याच्या कानाला ठाऊक असते.

गजाचे उदाहरण थोडे तपशिलात पाहू. गज एका वेगाने पुढे जातो. राळ लावलेल्या केसांचे तारेवरील घर्षण सापेक्ष वेग वाढला की कमी होते. तार गजाच्याच दिशेने जात असताना सापेक्ष वेग कमी, म्हणून घर्षण जास्त, आणि ते बल तारेच्या गतीच्या दिशेने असल्याने तारेला ऊर्जा देते. तार उलट परतताना सापेक्ष वेग जास्त, म्हणून घर्षण कमी. त्या वेळी ऊर्जा जाते, पण मिळालेल्यापेक्षा कमी. एका आवर्तनाअखेर तारेच्या पदरात काही शिल्लक राहते. यालाच ऋण अवमंदन म्हणावयाचे. अवमंदनाचे चिन्ह उलटले, एवढाच सारा खेळ आहे.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. अनुस्पंदनासाठी आपण झोक्याचे उदाहरण देतो, तेही तपासून घेतले पाहिजे. झोका देणारा माणूस डोळे मिटून घड्याळाच्या तालावर धक्के देत नाही. झोका मागे आला की तो ढकलतो, म्हणजे धक्क्याची वेळ झोकाच ठरवतो. झोका थांबवा, माणूसही थांबेल. वरील कसोटीने पाहता माणूस आणि झोका मिळून स्वयंउत्तेजित व्यवस्थाच होते.

अरेषीयता कशासाठी?

अवमंदन ऋण असेल तर दोलन वाढत जाणार. रेषीय समीकरण एवढेच सांगते, आणि ते वाढणे कधी थांबेल याविषयी गप्प बसते. प्रत्यक्षात खडू फळ्याबाहेर उडून जात नाही. आयाम वाढला की ऊर्जेचा व्यय मिळकतीपेक्षा वेगाने वाढतो आणि कुठेतरी जमाखर्च जुळतो. लॉर्ड रॅले यांनी १८८३ च्या एका निबंधात अशा 'टिकवून धरलेल्या' कंपनांसाठी वेगाच्या घनाचे पद असलेले समीकरण मांडले. पुढे १९२० च्या दशकात हॉलंडमध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाल्थाझार व्हॅन डर पोल यांनी ट्रायोड नळीच्या परिपथासाठी जवळजवळ तेच समीकरण अभ्यासले. विस्थापनास क्ष आणि कालसापेक्ष विकलनास ′ हे चिन्ह मानले, तर ते असे लिहिता येते :

क्ष″ − म (१ − क्ष²) क्ष′ + क्ष = ०

येथे म हा धन आणि लहान स्थिरांक आहे. क्ष लहान असता कंसातील राशी धन, म्हणून अवमंदन ऋण. क्ष एकपेक्षा मोठा झाला की अवमंदन धन. आता आयाम किती येईल? क्ष = अ कोसाइन ट असे धरून एका आवर्तनातील ऊर्जेचा हिशेब करू. म (१ − क्ष²) क्ष′² या राशीचे संपूर्ण आवर्तनावर संकलन केले की पहिल्या पदातून π अ² आणि दुसऱ्यातून π अ⁴/४ मिळते, दोन्ही म ने गुणलेले. दोन्ही समान हवेत, म्हणून अ² = ४ आणि अ = २. सुरुवात कितीही लहान किंवा मोठ्या धक्क्याने करा, दोलक अखेर याच आयामावर येऊन ठरतो.

प्रथम वर्षात शिकवलेल्या साध्या लंबकाहून हे वर्तन मुळातच वेगळे आहे. घर्षणरहित लंबकाचा आयाम आपण जेवढा ओढू तेवढा राहतो. त्याला स्वतःची आवड नाही. व्हॅन डर पोल दोलकाला आहे. स्थान आणि वेग यांच्या प्रतलावर त्याचा मार्ग आतून किंवा बाहेरून येऊन एकाच बंद वक्राला मिळतो. अशा वक्राची कल्पना आंरी प्वांकारे यांनी १८८० च्या दशकात शुद्ध गणितात मांडली होती. त्याला आपण सीमाचक्र म्हणू. यंत्रांतील स्वयंदोलने म्हणजे प्वांकारे यांची सीमाचक्रेच होत, हे रशियन शास्त्रज्ञ आंद्रोनोव्ह यांनी १९२९ मध्ये ओळखले. गणितातील वस्तू आणि कार्यशाळेतील वस्तू यांची गाठ पडायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

आणखी एक गुण येथेच नोंदवू, कारण पुढे त्याचाच उपयोग आहे. सीमाचक्रावरील दोलकाचा आयाम बदलण्याचा प्रयत्न केला तर तो मूळ पदावर परततो. त्याची कला, म्हणजे आवर्तनात तो कुठे आहे ते, बदलली तर परतत नाही, कारण काळाचा आरंभ कुठेही धरला तरी समीकरण तेच राहते. आयाम घट्ट, कला सैल. म्हणूनच अगदी क्षीण जोडणीही दोन दोलकांच्या कलांना हळूहळू ओढून नेऊ शकते.

हायगेन्स यांची खोली

फेब्रुवारी १६६५ मध्ये क्रिस्तियान हायगेन्स आजारी असल्याने काही दिवस घरातच होते. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी त्यांनी लंबकाची घड्याळे बनवली होती, आणि एक बंद पडले तर दुसरे चालू राहावे म्हणून ती जोडीने ठेवण्याचा बेत होता. दोन खुर्च्यांच्या पाठींवर ठेवलेल्या लाकडी आधारावर दोन्ही घड्याळे टांगलेली होती. त्यांच्या ध्यानात आले की दोन्ही लंबक तंतोतंत एका तालात, पण उलट दिशांनी झुलत आहेत : एक डावीकडे जाई तेव्हा दुसरा उजवीकडे. हाताने ताल बिघडवला, तरी सुमारे अर्ध्या तासात तो पुन्हा जुळे. घड्याळे लांब लांब टांगली की दिवसाकाठी त्यांच्यात काही सेकंदांचा फरक पडू लागे.

आधी त्यांनी हवेच्या झुळकेला जबाबदार धरले. नंतर मधे आडोसे घालून आणि मांडणी बदलून पाहिल्यावर खरे कारण सापडले : घड्याळांच्या हेलकाव्यांनी आधार डोळ्यांना न दिसण्याइतका हलत होता. याविषयी त्यांनी वडिलांना आणि इतर विद्वानांना पत्रे लिहिली. युग्मित स्वयंउत्तेजित दोलकांचे हे पहिले नोंदवलेले निरीक्षण होय. घड्याळ स्वयंउत्तेजित कसे, असे कोणी विचारील. वजन एकसारखे खाली ओढते; दातेरी चाकाची जी यंत्रणा घड्याळजी एस्केपमेंट म्हणून ओळखतात, ती लंबकाच्या चालीनुसार त्याला प्रत्येक झोक्यात एक लहान धक्का देते. पुरवठा स्थिर, धक्क्याची वेळ लंबकाची.

कला जुळण्याचे सर्वांत साधे समीकरण पुढील प्रमाणे आहे. दोन दोलकांतील कलांतर फ, त्यांच्या नैसर्गिक कोनीय वारंवारतांतील फरक द, आणि जोडणीचे बळ ज :

फ′ = द − ज साइन फ

अमेरिकन अभियंता रॉबर्ट अॅडलर यांनी १९४६ मध्ये रेडिओच्या संदर्भात मांडलेले हे समीकरण आज सर्वत्र वापरले जाते. हायगेन्स यांच्या घड्याळांसाठी फ हे पूर्ण उलट तालापासून मोजावयाचे. द हा ज पेक्षा लहान असेल तर फ′ शून्य करणाऱ्या दोन जागा मिळतात. त्यांपैकी एक स्थिर, दुसरी अस्थिर. तेथे दोन्ही घड्याळांचा दर एकच होतो आणि कलांतर कायम राहते, जरी ते नेमके शून्य नसले तरी. मूळची जलद असलेली किंचित पुढे राहते. द हा ज पेक्षा मोठा झाला की दोन्ही जागा एकमेकींवर येऊन नाहीशा होतात आणि ताल सुटतो. सीमेच्या जरा पलीकडे कलांतर बराच वेळ जवळजवळ स्थिर राहते, मग एकाएकी एक पूर्ण फेरा घेते, पुन्हा स्थिरावते. 

या समीकरणाने हायगेन्स यांच्या नोंदीचा एक ढोबळ हिशेब करता येतो; वर्गात करून पाहण्यासारखा आहे. ताल जुळण्याचा कालमापक साधारण १/ज असतो. बिघडलेला ताल अर्ध्या तासात जुळत असेल तर त्या अवधीत तीनेक कालमापक जातात असे धरू; म्हणजे एक कालमापक सुमारे ६०० सेकंद आणि ज = १/६०० रेडियन प्रतिसेकंद. घड्याळाचा लंबक सुमारे नऊ इंच लांबीचा, म्हणजे ०.२३ मीटर. त्याचा आवर्तकाल ०.९६ सेकंद आणि कोनीय वारंवारता सुमारे ६.५. ज ला ६.५ ने भागून दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणले की सुमारे २२ येतात. म्हणजे दोन घड्याळांत दिवसाला वीस-बावीस सेकंदांपर्यंत फरक असेल तर आधार त्यांना बांधून ठेवू शकेल. हायगेन्स यांच्या घड्याळांतील फरक काही सेकंदांचाच होता. घड्याळे इतकी चांगली नसती तर ही घटना दिसलीच नसती.

सम की विषम?

पण ताल उलटाच का? जोडणी दोन्ही बाजूंना सारखीच आहे, मग दोन्ही लंबक एकाच दिशेने का झुलू नयेत? या प्रश्नासाठी कलांचे समीकरण पुरत नाही. आयामही हिशेबात घ्यावे लागतात. दोन सारखे व्हॅन डर पोल दोलक स्प्रिंगने जोडू :

क्ष″ − म (१ − क्ष²) क्ष′ + क्ष = ज (य − क्ष)
य″ − म (१ − य²) य′ + य = ज (क्ष − य)

म शून्य असता ही आपली नेहमीची युग्मित लंबकांची जोडी. तिच्या दोन प्रसामान्य रीती आपण शिकवतो : सम रीत, जीत दोन्ही एकत्र हलतात आणि वारंवारता १ असते, आणि विषम रीत, जीत ते उलट हलतात आणि वारंवारता √(१ + २ज) असते. रेषीय जगात या रीती एकमेकींची दखल घेत नाहीत. कोणत्याही प्रमाणात मिसळा, तसेच मिश्रण टिकते.

आता म लहान पण धन घ्या, ज त्याहून पुष्कळ मोठा. सम रीतीचा आयाम स आणि विषम रीतीचा व मानून क्ष² मधील पदांची सरासरी काढली की पुढील समीकरणे मिळतात :

स′ = (म/२) स (१ − स²/४ − व²/२)
व′ = (म/२) व (१ − व²/४ − स²/२)

या दोन ओळींवर थोडे थांबावे. प्रत्येक रीत स्वतःला जेवढी रोखते त्याच्या दुप्पट दुसरीला रोखते. एकाच चरणीच्या गवतावर जगणाऱ्या दोन कळपांसारखी ही स्पर्धा आहे. दोन्ही रीती सारख्या आयामाने, स² = व² = ४/३ या बिंदूवर, नांदू शकतात, पण तो समतोल सुईच्या टोकावरचा; जरा ढळला की एक वाढते, दुसरी मरते. उलट केवळ सम रीत चालू असेल, म्हणजे स = २ आणि व जवळजवळ शून्य, तर व च्या वाढीचा दर (म/२)(१ − २), म्हणजे ऋण येतो. विषम रीतीला डोके वर काढता येत नाही. केवळ विषम रीत चालू असेल तेव्हा सम रीतीचीही तीच गत. तात्पर्य, दोन्ही शुद्ध रीती स्थिर आहेत, आणि कोणती जिंकेल हे सुरुवात कशी झाली त्यावर अवलंबून राहील. अध्यारोपणाचे तत्त्व येथे पूर्ण मोडते. दोन वारंवारता असलेल्या ट्रायोड परिपथात व्हॅन डर पोल यांना हीच गोष्ट आढळली होती. परिपथाचा एखादा घटक हळूहळू बदलत नेला तर दोलक जुन्या वारंवारतेला चिकटून राहतो, मग एकदम नव्या वारंवारतेवर उडी घेतो, आणि परतीच्या वाटेवर उडी निराळ्या ठिकाणी पडते. त्यांचा त्यावरील निबंध १९२२ चा आहे.

हायगेन्स यांच्या मांडणीत यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे. दोन्ही लंबक एकत्र हलले तर आधार हलतो आणि घर्षणात ऊर्जा जाते. उलट हलले तर त्यांची बले एकमेकांना छेदतात, आधार स्थिर राहतो, काही जात नाही. म्हणजे सम रीतीवर जादा कर बसला. तिच्या कंसातील १ ऐवजी १ − र लिहू. मग शुद्ध सम रीतीत स² = ४(१ − र) होते, आणि तिच्या सान्निध्यात विषम रीतीच्या वाढीचा दर (म/२)(२र − १). र अर्ध्याहून कमी असेपर्यंत दोन्ही ताल शक्य आहेत. र अर्ध्याच्या वर गेला की सम ताल अस्थिर होतो आणि कोणतीही सुरुवात केली तरी घड्याळे उलट तालावर येतात. खऱ्या घड्याळाची एस्केपमेंट व्हॅन डर पोल समीकरणाप्रमाणे चालत नाही, म्हणून या अर्ध्याच्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये. पण आधाराची हालचाल ज्याला नको तो ताल मरतो आणि ज्याला आधार हलवावा लागत नाही तो उरतो, हा विचार टिकतो.

अटलांटा येथील जॉर्जिया टेक संस्थेत बेनेट, शॅट्झ, रॉकवूड आणि वीझनफेल्ड यांनी हायगेन्स यांची मांडणी पुन्हा उभारून २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधार पुरेसा जड ठेवला तर जोडणी इतकी क्षीण होते की ताल जुळतच नाही. आधार फार हलका केला तर आणखीच विचित्र गोष्ट घडते : एका लंबकाचा आयाम इतका घटतो की एस्केपमेंटचा दात त्याला लागेनासा होतो आणि ते घड्याळ बंद पडते. मधल्या पट्ट्यात उलट ताल. हायगेन्स यांची घड्याळे जहाजावर वादळात सरळ राहावीत म्हणून जड वजन घातलेल्या पेट्यांत बसवलेली होती, आणि त्या वजनानेच ती या मधल्या पट्ट्यात आणून ठेवली. हेतू एक, लाभ दुसराच.

जोडणीने दोलन विझू शकते हे रॅले यांनाही ठाऊक होते. ऑर्गनच्या जवळजवळ सारख्या सुराच्या दोन नळ्या शेजारी ठेवल्या तर त्या एकाच सुरात बोलू लागतात, किंवा दोन्ही जवळजवळ मुक्या होतात, असे त्यांनी नोंदवले आहे.

याच सुमारास जेम्स पँटलिओन यांनी संगीताच्या विद्यार्थ्यांचे मेट्रोनोम एका हलक्या फळीवर ठेवून फळी दोन रिकाम्या शीतपेयाच्या डब्यांवर आडवी ठेवली. येथे मेट्रोनोम बहुधा एकत्र, म्हणजे सम तालात येतात. फळी मोकळी लोळते, तिच्यात ऊर्जा फारशी वाया जात नाही, आणि मेट्रोनोमचे झोके घड्याळाच्या लंबकापेक्षा खूपच मोठे असतात. फळीचे अवमंदन वाढवले तर उलट तालही मिळू शकतो. 'जोडलेले दोलक एकत्र झुलतात' असे सरसकट विधान फळ्यावर लिहिणे म्हणूनच धोक्याचे आहे.

लंडनचा पूल : दुसरी दुरुस्ती

टॅकोमाची चूक सुधारताना माझ्यासारख्यांनी एक नवे उदाहरण हौसेने उचलले, आणि तेही आता सुधारावे लागत आहे. १० जून २००० रोजी लंडनचा मिलेनियम पादचारी पूल खुला झाला. एका वेळी सुमारे दोन हजार माणसे वर असता तो आडवा हेलकावू लागला, आणि दोन दिवसांतच बंद करावा लागला. अभियंत्यांनी नंतर माणसे मोजून वर चालवली. उत्तरेकडील गाळ्यावर सुमारे १६० माणसे होईपर्यंत विशेष काही घडले नाही. त्यापुढे थोडी माणसे वाढताच हेलकावे झपाट्याने वाढले. पुलाला ३७ द्रवीय अवमंदक आणि पन्नासच्या आसपास जुळवलेली वजने बसवून तो फेब्रुवारी २००२ मध्ये पुन्हा खुला झाला.

स्ट्रोगॅट्झ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याचे स्पष्टीकरण हायगेन्स यांच्या घड्याळांच्या धर्तीवर दिले : प्रत्येक पादचारी एक दोलक, पूल हा आधार, आणि ठरावीक संख्येपुढे सर्वांची पावले एका तालात येतात. चित्र आकर्षक आहे, आणि लोकप्रिय पुस्तकांतून ते सर्वत्र पसरले. परंतु पूल हलू लागण्यासाठी पावले जुळण्याची गरज नसते. हलत्या फळीवर चालणारा माणूस पडू नये म्हणून पाय थोडा बाजूला टाकतो. या सावरण्यात त्याच्या नकळत पुलाला सरासरीने जे आडवे बल मिळते, त्याचा काही भाग पुलाच्या वेगाच्या दिशेने असतो. म्हणजे प्रत्येक माणूस थोडे थोडे ऋण अवमंदन घेऊन येतो, मग त्याचा पायरव कोणत्याही तालात असो. माणसांचे ऋण अवमंदन जेव्हा पुलाच्या मूळ धन अवमंदनाइतके होते, तेव्हा स्थैर्य संपते. इगोर बेलिख आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे अनेक पुलांवरील निरीक्षणे आणि पादचाऱ्यांची वेगवेगळी प्रतिमाने घेऊन दाखवले आहे. पावले जुळतात, पण बहुधा पूल जोरात हलू लागल्यानंतर. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती.

उपाययोजनेच्या दृष्टीने हा फरक नुसता शब्दांचा नाही. तालच दोषी असता तर पुलाची वारंवारता पावलांपासून दूर नेली की भागले असते. दोष ऋण अवमंदनाचा असेल तर अवमंदन वाढवल्याशिवाय इलाज नाही. लंडनमध्ये बसवलेले अवमंदक नेमके तेच करतात, आणि ते बसवणाऱ्या अभियंत्यांच्या चाचण्यांतूनही माणसाचे आडवे बल पुलाच्या वेगाच्या प्रमाणात वाढते हेच आढळले होते.

संगणकावर करून पाहताना

मेट्रोनोम विकत घेणे प्रत्येक महाविद्यालयाला परवडेलच असे नाही. वर दिलेली दोन समीकरणे साध्या स्प्रेडशीटवर सोडवता येतात. म = ०.१ आणि ज = ०.५ घ्या. एकदा क्ष = १, य = ०.९ पासून आणि एकदा क्ष = १, य = −०.९ पासून, वेग शून्य ठेवून, आरंभ करा. पहिल्या खेपेस सम आणि दुसऱ्या खेपेस विषम ताल, दोन्ही वेळा आयाम २, असे यावयास हवे. मग आधाराच्या घर्षणासाठी दोन्ही समीकरणांच्या उजव्या बाजूस − (रम/२)(क्ष′ + य′) हे पद जोडून र हळूहळू वाढवीत न्या. पहिल्या आरंभापासूनही उलट ताल कधी मिळू लागतो ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

एक सावधगिरी हवी. ऑयलरच्या पद्धतीत जुने स्थान आणि जुना वेग घेऊन दोन्ही एकाच वेळी पुढे नेले, तर ती गणनपद्धती स्वतःच दोलकाला ऊर्जा पुरवते. कालांतर ह असेल तर आयाम ह/२ या दराने फुगतो, मग भौतिक कारण काही असो वा नसो. ह = ०.१ घेतल्यास आयाम २ ऐवजी सुमारे २.८ येईल, आणि विद्यार्थी समीकरणात चूक शोधत बसतील. माझा एक अख्खा प्रात्यक्षिकाचा दिवस असा गेला आहे. आधी नवा वेग काढावा आणि स्थान पुढे नेताना तो नवा वेगच वापरावा. स्प्रेडशीटच्या एका रकान्यात एवढा बदल केला की आयाम पुन्हा २ च्या आसपास येतो.